मांडीवरची डिस्क

मन्मथप्पांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला तर तो ठेवून घरी जाता येत नाही. बसावं लागतं. आणि नुसतं बसूनही भागत नाही. अप्पा मशीन उघडतात, आतली जी डिस्क पुसायची नाही ती सोडवून बाहेर काढतात, तिच्यावरून एकदा फडकं फिरवतात आणि मालकाच्या मांडीवर ठेवतात. "दोन्ही हातांनी धरा," म्हणतात. "काम हुईस्तवर सोडायची न्हाय." मग तुम्ही नळदुर्गच्या भर बाजारात, बारशाचं पोर सांभाळल्यासारखा तो लोखंडी तुकडा धरून तासभर बसता. फोन आला तर घ्यायचा नाही. तंबाखू मळायची नाही, कारण त्याला दोन हात लागतात.

मोठमोठी माणसं मी अशी बसलेली पाहिली आहेत. एका शाळेचे हेडमास्तर तर दोन मांड्यांवर दोन डिस्का घेऊन बसले होते आणि रस्त्यानं जाणारी त्यांचीच पोरं नमस्कार करत होती. त्यांना नुसती मान हलवता येत होती. एकदा एक फौजदार आले. ते म्हणाले, "टेबलावर ठेवा की, तिथं काय होतंय?" अप्पा म्हणाले, "टेबल मालक न्हाय, सायेब." फौजदारांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि मांडी नीट केली.

माझा आणि अप्पांचा संबंध वजनकाट्यामुळं. जळकोटच्या अलीकडं हायवेला माझा काटा आहे, भरल्या ट्रकचं वजन करायचा. त्याचा कॉम्प्युटर अजून विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालतो. हसू नका. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना माऊस. त्यावरचा वजनाचा प्रोग्राम ज्यानं लिहिला त्या सोलापूरच्या माणसानं ही लाईनच सोडली. नवीन बसवा म्हणून चार जणांनी सांगून झालं, पण जे चालतंय त्याला मी हात लावत नाही. फक्त वर्षा-दोन वर्षांनी ते मशीन आजारी पडतं, आणि मग आसपास डॉस बसवणारा माणूस एकच उरलाय. त्याच्या तऱ्हा सोसाव्या लागतात.

अप्पा साठीच्या पुढचे, काटकुळे. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, चष्मा गळ्यात दोऱ्यानं अडकवलेला. डॉस कसा बसवायचा हे ते शेतावरून समजावतात. कोरी डिस्क म्हणजे माळरान. आधी बांध घालायचा, म्हणजे डिस्कचे दोन भाग करायचे. मग नांगरट, म्हणजे फॉरमॅट. मग डॉसची पेरणी. "बांध न घालता पेरलं तर भांडणं लागत्यात," असं ते फ्लॉपी पुशीत सांगतात. भाग कायम दोनच. पहिला सी, दुसरा डी. "सी मशीनचं, डी माणसाचं. मशीन बिघडलं तर सी नांगरायचं, डीला धक्का लागू द्यायचा न्हाय." ह्या बांधाचं त्यांना येड आहे. दुकानात फरशीवर खडूची रेघ आहे, गिऱ्हाइकानं रेघेच्या पलीकडं यायचं नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ताटात भात आणि भाजीच्या मधे पोळी उभी लावून ठेवतात.

दुसरं येड म्हणजे "नक्की?" हा शब्द. अप्पा कुठलीही गोष्ट तीनदा विचारतात. पुसू का? नक्की? आणि परत, चष्म्यावरून बघत, नक्की ना? तिसऱ्यांदा विचारलं की भल्याभल्यांना आपल्या डिस्कवर काहीतरी राहिलंय असं वाटायला लागतं. निम्मी गिऱ्हाइकं तिथंच कच खातात आणि मशीन काखोटीला मारून घरी जातात.

दुकानापुरतं असतं तर चाललं असतं. एसटीत चढले की कंडक्टरला विचारणार, "तुळजापूर? नक्की?" कंडक्टर डोक्यावर हात मारून घेतो, कारण पाटी अप्पांनी स्वतः वाचलेली असते. माझ्या पुतण्याच्या लग्नात तर कमाल केली. मंगलाष्टकं संपत आली, लोक अक्षता मुठीत घेऊन उभे, आणि हे नवरदेवाच्या कानाशी लागून म्हणाले, "नक्की?" पोरगं घामाघूम होऊन माझ्याकडं बघायला लागलं. आमच्या वहिनी आजतागायत अप्पांशी बोलत नाहीत.

मी एकदा वैतागून विचारलं, की अप्पा, ह्यो काय छळ लावलाय? तर म्हणाले, "वाय दाबायला येळ लागत न्हाय, प्रकाशराव. न दाबायला येळ लागतो." डॉस पुसायच्या आधी विचारतो ना, सगळं जाईल, पुढं जायचं का? वाय म्हणजे व्हय, एन म्हणजे न्हाय. पण तो एकदाच विचारतो, ही अप्पांची त्याच्याविरुद्धची तक्रार. बाकी डॉससारखं सज्जन कोणी नाही असं त्यांचं मत.

त्यांच्या डोक्यामागच्या फळीवर दोन स्टीलचे डबे असायचे. पहिला जेवणाचा. काकू जाऊन सात-आठ वर्षं झाली, लेक अनुराधा हैदराबादला कंपनीत, त्यामुळं अप्पा सकाळी स्वतःच भाकरी थापून आणतात. आणतात एवढंच. तो डबा दुपारी चारला उघडायचा, कधी तसाच घरी जायचा. "जेवलात का, अप्पा?" विचारलं की बिनदिक्कत सांगणार, "जेवलो की!" आणि डबा समोर, रबर लावलेला.

दुसरा डबा त्याच्या शेजारी, सुतळीनं करकचून बांधलेला. मला वाटायचं लोणचं असेल. एकदा जेवणाच्या डब्याला लावायचं सोडून त्याला हात लावला, तर अप्पा जागेवरून उठले. "त्याला न्हाय," म्हणाले. माझ्यावर त्यांनी आवाज चढवला तो तेवढाच.

ह्या वर्षी ऐन सोयाबीनच्या दिवसांत काट्याच्या कॉम्प्युटरनं टक टक टक असा आवाज काढला आणि पडद्यावरची अक्षरं थिजली. मी मशीन पिकअपमध्ये घातलं आणि थेट नळदुर्ग गाठलं. अप्पांनी डिस्कला कान लावला. डॉक्टरसुद्धा इतका वेळ छाती ऐकत नाही.

"हाय अजून," ते म्हणाले. "पर लई दिवस न्हायत. जित्ती हाय तवर आतला प्रोग्राम काढून दुसरीवर टाकू."

"टाका की मग."

"दुसरी पायजे ना. तुमचं मशीन म्हातारं, मोठा घास गिळत न्हाय. आताच्या डिस्का त्याला दिसतच न्हायत. बारकी पायजे, जुन्या काळची."

त्यांनी कपाटातून तशा तीन काढल्या. पहिली फिरेना. दुसरी फिरली, पण तिच्यावर जागोजाग खड्डे. तिसरीनं माझ्याच डिस्कसारखं टक टक सुरू केलं. मग सोलापूरला फोन, उमरग्याला फोन, लातूरला फोन. सगळीकडून एकच उत्तर, तसलं सगळं भंगारात गेलं. दुपार झाली. माझी मरणाला टेकलेली डिस्क माझ्या मांडीवर, दोन्ही हात गुंतलेले, आणि खिशात फोन नुसता बोंबलत होता. काट्यावरून फोन येत होते हे मला न उचलता कळत होतं. ट्रक गावाच्या त्या टोकाच्या काट्याला चालले होते. तोंडाला आलेल्या सगळ्या शिव्या मी गिळल्या, कारण रेघेच्या पलीकडं देवाचा फोटो आहे.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की अप्पा फोन करताना दर वेळी त्या बांधलेल्या डब्याकडं बघताहेत.

"अप्पा, त्या डब्यात काय हाय?"

खोटं बोलायची सवय त्यांना जेवणापुरतीच.

"डिस्क हाय."

"बारकी?"

"बारकी."

"चालती का?"

"चालती."

"अहो मग सकाळपासून माझा जीव कशाला खाताय? उघडा की!"

अप्पांनी चष्मा काढला, दोऱ्याला सोडून दिला आणि स्टुलावर बसले. मग सांगितलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण सलग इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

अनुराधा तेव्हा अकरा वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुकानात येऊन बसायची. अप्पांच्या पुस्तकातून बघून बघून बेसिक नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायला शिकली आणि महिनाभर काहीतरी करत होती. बापाला पडद्याकडं बघू द्यायची नाही. पुरं झालं की दाखवते, म्हणायची. एक दिवस गिऱ्हाईक घाईत आलं. त्याची डिस्क पुसायची होती. अप्पांनी ती त्याच मशीनला जोडली, आणि अनुची डिस्क आतच राहिली. दोन डिस्का, एक मशीन. कुठली, पहिली की दुसरी? अप्पांनी मशीनला दुसरीच्या जागी पहिली म्हणून सांगितलं. मशीननं विचारलं, सगळं जाईल, पुढं जायचं का?

"एका हातात च्या हुता, प्रकाशराव. त्यो बी खाली ठिवला न्हाय म्या. दाबला वाय."

"मग? रडली असेल."

"रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, पप्पा, मला एकदा विचारायचं तरी. आन् त्या स्टुलावर पुना बसली न्हाय."

त्याच दिवशी त्यांनी ती डिस्क काढून डब्यात घातली. तिच्यावर एक अक्षर लिहू दिलं नाही. "नांगरलं म्हून हराळी जाती का?" अप्पा म्हणाले. "मुळं आत असत्यात. वर काय पेरलं न्हाय तर कवातरी निघंल."

मला राहवेना. "अहो, तुमीच तर लोकांचं पुसलेलं काढून देता! स्वतःच्या लेकीचं इतक्या वर्षांत का काढलं न्हाय?"

"काढाया गेलो, आन् आत कायच न्हाय निघालं, तर?"

मी मांडीवरच्या माझ्या डिस्ककडं बघितलं. पण काटाही डोळ्यांपुढून हलत नव्हता. माणूस वाईट असतो. मी म्हणालो, "तवा विचारलं न्हाय म्हणता ना? मग आता विचारा. लावा फोन."

अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. पलीकडून अनुराधा घाबरून म्हणाली, "पप्पा, ह्या वेळेला? बरं आहे ना सगळं?"

"बरं हाय. एक विचारायचं हुतं. ती तुजी डिस्क हाय. पुसू का?"

"कुठली डिस्क?"

अप्पांचा चेहरा मी बघितला, आणि बघायला नको होता असं वाटलं.

"तुजी. सुट्टीतली."

"अय्यो पप्पा, मला तर आठवत पण नाही. पुसून टाका की! मीटिंगमध्ये आहे, ठेवते."

अप्पांनी फोन खाली ठेवला. सुतळी कात्रीनं न कापता गाठ सोडून काढली, त्यात पाच मिनिटं गेली. डब्यात पांढऱ्या फडक्यात डिस्क होती आणि सोबत दोन डांबरगोळ्या. डिस्कला कसर लागत नाही हे ह्या माणसाला कोण सांगणार? ती त्यांनी माझ्या मशीनला जोडली, फ्लॉपी घातली. काळा पडदा आला. जुना बांध आधी मोडावा लागतो, म्हणजे आहे तो भाग काढून टाकायचा. ते तिथवर आले आणि मशीननं विचारलं. वाय की एन?

"नक्की?" अप्पा म्हणाले. कोणाला म्हणाले कळलं नाही. परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी बोट मागं घेतलं.

"वाय तुमी दाबा, प्रकाशराव. म्या डोळे मिटतो."

आणि खरंच मिटले. लहान पोर सुई टोचताना मिटतं तसे, घट्ट. मी मांडीवरची डिस्क सावरत एक हात मोकळा केला. खिशात फोन वाजतच होता. एका बोटाचं काम होतं.

मी एन दाबला. न दाबायला वेळ लागतो म्हणतात, मला काही लागला नाही.

अप्पांनी डोळे उघडले, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "का?"

"काटा चार दिवस बंद ऱ्हायला म्हणून सोयाबीन काय उडून जात न्हाय," मी जरा जोरातच म्हणालो. "च्या सांगा आता. दोन्ही हातांनी पितो."

चहा यायच्या आधीच अप्पांचा फोन वाजला. अनुराधाचा आवाज मघाचा नव्हता.

"पप्पा, पुसलं का?"

"न्हाय."

"नक्की?"

"न्हाय गं."

"नक्की ना?"

मला हसू आवरेना. पाटी न वाचता सांगता आलं असतं, लेक कुणाची ते.

"पुसू नका," ती म्हणाली. "मीटिंगमध्ये बसल्या बसल्या आठवलं. मी शनिवारी येते. तोवर तिला हात लावू नका."

शनिवारी दुपारी ती हायवेला उतरली ती थेट दुकानात. पाठीवर लॅपटॉप, हातात एक जुन्या डिस्कची वायर. दारातून आत येताना तिनं खडूच्या रेघेकडं बघितलं आणि बिनधास्त ओलांडली. मग त्या स्टुलावर बसली. अप्पा फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. टेबल स्वच्छ होतं.

मूळ डिस्कवर तिनं काहीच केलं नाही. आधी तिची आहे तशी नक्कल लॅपटॉपवर उतरवून घेतली, मग डिस्क सोडवली, अप्पांना बसवलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"दोन्ही हातांनी धरा," म्हणाली.

मन्मथप्पांना त्या बाजूला बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. शहाण्या गिऱ्हाइकासारखे बसले. फक्त दर दोन मिनिटांनी विचारायचे, "निघतंय का?" पाऊण तास गेला. कुणीतरी दारात येऊन, दुकान उघडं आहे का म्हणून विचारून गेलं, अप्पांनी मानही वळवली नाही.

"निघालं," अनुराधा म्हणाली.

अप्पांनी विचारलं, "नक्की?" आणि ह्या वेळी एकदाच विचारलं.

मग पुढचं काम त्यांनी केलं, एकदाही बोट मागं न घेता. जुना बांध मोडला, नवा घातला, दोन भाग केले, दोन्ही फॉरमॅट केले. सीवर डॉस आणि माझा वजनाचा प्रोग्राम. लेकीचा प्रोग्राम तिच्याकडून मागून घेतला आणि डीवर ठेवला. "सी मशीनचं, डी माणसाचं," ते पुटपुटले. माझ्या काट्याच्या मशीनवर, मला न विचारता.

"लावू?" अनुराधा म्हणाली आणि तिनं तो चालू केला.

काळा पडदा स्वच्छ झाला. मधोमध, इंग्रजी अक्षरांत मराठी, एक ओळ आली. पप्पा जेवले का? वाय की एन?

घड्याळात तीन वाजून गेले होते. फळीवरच्या डब्याला रबर तसंच होतं.

"आई रोज म्हणायची, तुझे पप्पा दुकानात जेवायचं विसरतात," अनुराधा म्हणाली. "मशीन लावलं की आधी हेच यायला पाहिजे, असं करायचं होतं मला. तेवढं राहिलं होतं."

अप्पांनी एका बोटानं वाय दाबला.

खोटं, पडद्यावर आलं. डबा उघडा.

मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसलो. मागं रबर निघाल्याचा आवाज आला. सकाळची ज्वारीची भाकरी होती, शेंगाचटणी होती. तिघांना पुरणार नव्हती, म्हणून अनुराधानं समोरून भजी आणली. अप्पा भाकरी मोडून, चटणीच्या आणि भज्यांच्या मधे एक तुकडा उभा लावून, व्यवस्थित जेवले. पाणी प्याले, हात पुसले आणि परत मशीनपुढं जाऊन बसले.

प्रश्न तोच होता. पप्पा जेवले का? अप्पांनी खात्रीनं वाय दाबला.

खोटं. डबा उघडा.

अकरा वर्षांच्या पोरीनं दुसरं उत्तर लिहिलंच नव्हतं. पप्पा कधी खरं सांगतील असं तिला वाटलं नसणार. अनुराधा तोंडावर हात धरून हसत होती, आणि नुसती हसत नव्हती.

अप्पा तिच्याकडं वळले नाहीत. त्यांनी रिकामा डबा दोन्ही हातांनी उचलला, पडद्यापुढं तिरपा करून तळ दाखवला आणि म्हणाले, "जेवलो की गं. नक्की."